चालून दाखवलं

हिरवा दिवा लागला तरी म्हातारा जागचा हलला नाही.

"बाबा, चला ना," मुलगा म्हणाला. "लोक खोळंबलेत."

समोर, रस्ता ओलांडला की तिसऱ्या घरात, आत्या वारली होती. बाबांची थोरली बहीण. आईमागे तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. दारात माणसं जमली होती. भाऊ आल्याशिवाय तिला हलवायचं नाही, असं ठरलं होतं.

दिवा पुन्हा लाल झाला. बस सुसाट गेली, मागोमाग ट्रक गेले. ही सगळी मांडणी मुलाचीच. तो रस्ते आखणाऱ्या खात्यात होता. या हमरस्त्यावर बसला वेगळी मार्गिका, सायकलींना पट्टा, चालणाऱ्यांना रुंद पदपथ, हे सगळं त्याने भांडून मिळवलं होतं. वरिष्ठांना पादचारी पूल हवा होता. हा खाली झेब्रा क्रॉसिंगच हवं म्हणून हटून बसला. "म्हाताऱ्या माणसांनी जिने चढायचे का?" तेव्हापासून खात्यात त्याला सगळे 'झेब्रा' म्हणायचे. त्याला ते नाव आवडायचं.

खरं तर त्याच्या डोळ्यांपुढे बाबाच होते. रोज संध्याकाळी कोंडीतल्या गाड्यांना हात दाखवत, आपल्या चालीने ते पलीकडे जायचे आणि बहिणीला पेपर वाचून दाखवायचे. तिला दिसत नव्हतं. बाबा एक दिवस गाडीखाली येतील, या धास्तीने मुलाचा ऑफिसात जीव टांगणीला लागलेला असायचा. म्हणून हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा, हे त्याने पुस्तकातल्या आकड्यावर सोडलं नाही. खात्याच्या आवारात चुन्याने रस्त्याची रुंदी आखली आणि बाबांनाच चालायला लावलं. साहेब खुर्ची टाकून बसले. मुलगा घड्याळ घेऊन उभा राहिला.

"वा!" साहेब म्हणाले. "म्हातारबुवा तर आपल्यालाही मागे टाकतील."

मुलाची छाती फुगली. वेळ ठरली. बाबा मात्र घरी आल्यावर दोन दिवस पलंगावरून उठले नाहीत. सर्दी झाली म्हणाले.

सिग्नल सुरू झाला, रस्ता मोकळा झाला, आणि बाबांचं जाणं बंद पडलं. आधी सर्दी, मग कंटाळा. मुलगा म्हणाला, गाडीने सोडतो. "सिग्नल आहे की आता. सोडायला कशाला हवं?" असं म्हणून ते खुर्चीतच बसून राहिले. मुलगा घरी यायचा तेव्हा ते त्याच खुर्चीत असायचे.

आत्या फोनवर विचारायची, "माझं काही चुकलं का रे? का येत नाही तो?" एकदा मुलाचा तोल सुटला. "सख्खी बहीण वाट बघतेय आणि तुम्हाला रस्ता ओलांडायचा कंटाळा? लाज कशी वाटत नाही?" असं तो बापाला तोंडावर बोलला. त्यानंतर दोघं कामापुरतं बोलायचे. आत्या तशीच गेली, वाट बघत.

हिरवा दिवा पुन्हा लागला. मुलाने त्यांचा दंड धरून पाऊल टाकायला लावलं. बाबा एक पाय उचलायचे, टेकवायचे, थांबायचे, मग दुसरा ओढायचे. सायकलींचा पट्टा जेमतेम संपला आणि दिवा लुकलुकायला लागला. बसच्या मार्गिकेत होते तेव्हा तो लाल झाला.

हॉर्न सुरू झाले. "ओ आजोबा, घरी बसा की!" कुणीतरी ओरडलं. मुलाने दोन्ही हात वर केले आणि तो बसच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

"बाबा, तुम्हाला एवढा वेळ लागतो?" त्याचा आवाज चिरकला. "मग त्या दिवशी आवारात कसे चाललात?"

बाबा त्याच्या खांद्याला धरून दम खात होते. त्यांनी समोरच्या दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"त्या दिवशी तुझे साहेब बघत होते ना रे."