तांबडा थर

‘हे ठिकाण कायमचं बंद करायचं?’ फोनने विचारलं. कमलाकरांचं बोट ‘हो’वर टेकणार, तेवढ्यात वर एक निरोप चमकला. वळसंगच्या विहिरीचं उत्तर आलं होतं. राजस नावाच्या कुणीतरी पाठवलेलं, आणि साफ चुकलेलं.

चुकलेलं उत्तर तसंच सोडून देणं कमलाकरांना जमणारं नव्हतं. जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलेला माणूस. बोट मागे आलं.

निवृत्तीनंतर त्यांना जिओकॅशचा नाद लागला होता. कुठेतरी डबी लपवायची, तिचा ठावठिकाणा ॲपवर टाकायचा आणि जगातल्या कुणीही येऊन ती शोधायची. डबी भिजली, हरवली, तर मालकाने जाऊन नवी ठेवायची. वळसंगला मात्र डबी नव्हतीच. तिथे गुरम्माच्या शेतात पायऱ्यांची विहीर होती आणि विहिरीच्या भिंतीत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा. पाहुण्याने खाली उतरावं, पट्टा पाहावा आणि तो तिथे कसा आला ते मालकाला, म्हणजे कमलाकरांना, कळवावं. उत्तर बरोबर आलं, तर मालक मान्य करतो आणि बोलणं संपतं. चुकलं, तर समजावून लिहितो.

गेल्या वर्षी त्याच पायऱ्यांवरून कमलाकर घसरले. पाय मोडला. दवाखान्यातून घरी आल्या आल्या यशोदाबाई म्हणाल्या, “पुरे झाले तुमचे दगड! त्यांच्यापायी मला एकटीला टाकून निघाला होतात की.”

“बरं. बंद करतो सगळं,” कमलाकर म्हणाले, आणि नवराबायकोचा अबोला सुरू झाला.

तेव्हापासून शुक्रवार पेठेतल्या त्या घरात ‘चहा झालाय’ हे खिडकीला सांगितलं जाई आणि ‘चष्मा सापडत नाही’ हे भिंतीला. आधी कोण बोलणार, एवढाच काय तो प्रश्न होता. दोघंही हट्टाला पेटलेली. कमलाकरांनी सगळ्या डब्या परत मागवल्या. उरली ती विहीर. ती बंद झाली, की आपल्याला बोलायला कुणीच उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तर राजसचं उत्तर असं होतं, की तांबडा पट्टा म्हणजे दगड सांधायला गवंड्याने भरलेला विटांचा चुरा.

गुरुवारची दुपार होती. यशोदाबाई दर गुरुवारप्रमाणे अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेल्या होत्या. रिकाम्या घरात कमलाकर लिहीत बसले. ‘गवंडी कुठला, बाबा? इथे पूर्वी आगीची नदी वाहत होती. संथ, मधासारखी. ती गोठली आणि तिचा काळा दगड झाला.’

लिहिता लिहिता डोळा लागला. स्वप्नात ती नदी पेठेतून वाहत होती. कुणी पळत नव्हतं. लोक ओट्यांवर बसून तिच्याकडे बघत होते. नदीला आवाज नव्हता. जाग आली तेव्हा मन कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

पुढचं उत्तरही चुकलं. खालचा दगड तापलेला होता, त्यावर माती भाजली, तव्यावर भाकरी भाजावी तशी, असं राजसचं म्हणणं. कमलाकर एकटेच हसले. ‘खालचा दगड केव्हाच निवला होता. शेक वरून आला. थराशेजारी अंगठा धरून फोटो पाठव, म्हणजे थराची जाडी कळेल.’

त्याच आठवड्यात यशोदाबाई तूप चोळत खिडकीला म्हणाल्या, “तव्याचा चटका बसला मेला.” कमलाकरांनी एकदा त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

गुरुवारी फोटो आला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला. थर स्वच्छ आला होता. अंगठाही. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा लांबलचक उत्तर लिहिलं. थराबरोबर पायऱ्यांचंही लिहिलं, कुठली हलते, कुठे शेवाळ आहे ते.

संध्याकाळी गुरम्माचा फोन आला. “मास्तर, तुमचं पाव्हणं आलतं की. भिताडाला हात लावून लई येळ बसलं. तुमच्या पायाचं इचारत हुतं.”

“पायऱ्या नीट उतरलं ना?”

“व्हय, म्याच हात दिला. कशाला काळजी करताय?”

कमलाकरांनी फोन ठेवला. यशोदाबाईंनी आल्या आल्या प्रसादाचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला. चपला मात्र त्यांनी अंगणातच घासून धुतल्या.

मग आलं ते उत्तर गुरुवारचं नव्हतं. मंगळवारी दुपारी आलं. कमलाकर बाहेरच्या खोलीत पडून होते, आत भांडी वाजत होती.

‘पहिली नदी गोठली. मग पुष्कळ काळ काहीच घडलं नाही. त्या गप्प काळात पाऊस पडला, दगड झिजला, त्याची माती झाली. पुन्हा नदी आली, तेव्हा ती माती भाजून तांबडी झाली. म्हणजे तो पट्टा गप्प काळाचा आहे. बरोबर ना?’

अगदी बरोबर होतं. वर्गात इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं. आता मान्य करायचं आणि संपवायचं. पण संपायला नको होतं कमलाकरांना.

त्यांनी जन्मात पहिल्यांदा बरोबर उत्तरावर फुली मारली. ‘अपुरं आहे. हा थर दोघांनी मिळून पाहावा लागतो. गुरुवारी मीही येतो.’

निरोप गेला.

स्वयंपाकघरात यशोदाबाईंचा फोन टुणकन वाजला. भांडी वाजायची थांबली.

कमलाकर उठून बसले. ना खिडकीकडे पाहिलं, ना भिंतीकडे. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत ते म्हणाले, “अक्कलकोटची गाडी वळसंगला थांबते ना गं?”