परतीच्या नळीतलं भोक

"पक्कड दे. ती नव्हे गं, लाल मुठीची!"

दानाईने मुद्दामच दुसरी पक्कड दिली होती. काम जितकं रेंगाळेल तितकं तिला हवंच होतं.

बाबा काचपेटीखालच्या कपाटात अर्धा शिरला होता, बाहेर नुसते पाय. वर खाऱ्या पाण्यात केशरी मासे अशा थाटात फिरत होते, जणू या घरात काही बिघडलेलंच नाही.

हिवाळ्यात बाबा घर सोडून बंदराजवळ इरो नावाच्या बाईकडे राहायला गेला. कपडे नेले, वाजवायचं बूझुकी नेलं, मासे मात्र नेता आले नाहीत. तेव्हापासून दर रविवारी तो कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणायचा आणि पेटीतलं जुनं पाणी बदलायचा. तेवढा वेळ दानाईच्या तोंडाचा पट्टा चालू. अख्ख्या सिरोस बेटावर रविवारइतकं सुंदर दुसरं काही नाही, असं तिचं ठाम मत होतं.

आणि आता आईने फर्मान काढलं होतं: खाली दुसरी टाकी बसव. वरचं पाणी त्या टाकीत उतरेल, गाळलं जाईल, पंप ते पुन्हा वर चढवेल. उरलंसुरलं दानाई बघेल. दर आठवड्याला कुणी दारात उभं राहायला नको.

"अजून किती वेळ, स्तामातिस?" आईने उंबऱ्यातूनच विचारलं. तो आला की ती या खोलीत पाऊल टाकत नसे.

"झालंच, अर्गिरो. कॉफी मिळेल?"

"का? तिकडची संपली?"

कपाटात पक्कड खणखणली. आई, जरा गोड बोललीस तर जीभ झडेल का गं, असं दानाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कॉफी आली. उंबऱ्यावरच आपटून ठेवलेली, तरी साखर बरोब्बर त्याच्या चवीची.

शेवटी बाबा धूळ झटकत बाहेर आला आणि त्याने पाणी पुन्हा वर आणणाऱ्या परतीच्या नळीवर बोट टेकवलं. नळी पाण्यात शिरत होती तिथेच, पातळीच्या किंचित खाली, एक बारीकसं भोक होतं.

"हे बघून ठेव. वारा सुटला की आपल्या गल्लीत लाइट जाते, हो ना? पंप बंद पडला की वरचं पाणी याच नळीतून उलटं खाली ओढलं जातं. पाणी या भोकापर्यंत उतरलं की भोक हवा ओढतं आणि धार तुटते."

"आणि भोक बुजलं तर?"

"तर खालची टाकी भरून वाहील, आणि खालच्या मजल्यावर फ्रोसोमावशीच्या डोक्यावर समुद्र! मग मलाच बादल्या घेऊन धावत यावं लागेल." तो खो खो हसला.

दानाई हसली नाही. उंबऱ्यातली आईही हसली नाही.

बाबाने प्लग उपटला. पाणी सरसर उतरलं, भोक सुर्रकन वाजलं, सगळं थांबलं. त्याने प्लग परत लावला.

"संपलं. आता तुम्हाला माझी गरज नाही."

"तेच तर हवं होतं," आई म्हणाली.

रिकामे कॅन घेऊन दानाई त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत उतरली.

"पुढच्या रविवारी येशील ना?"

"आता कशाला, पोरी? तूच ये की तिकडे. इरो कधीची म्हणतेय."

दानाईने मान डोलावली. ती कधीच जाणार नव्हती, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकवले. स्कूटर उतारावरून खाली गेली, वळली, दिसेनाशी झाली.

मग तिने खिशात हात घातला. प्रवाळ चिकटवायला आणलेलं एपॉक्सी टेबलावर उरलं होतं, त्यातला एक तुकडा तिने हळूच तोडून घेतला होता. कणकेसारखं मळायचं, लावायचं, की पाण्यातसुद्धा त्याचा दगड होतो. जिना चढता चढता ती गोळा मळत राहिली. दर वादळाला बाबा! कल्पना इतकी झकास होती की शेवटच्या पायऱ्या तिने उड्या मारतच गाठल्या.

आई स्वयंपाकघरात कप विसळत होती. दानाई स्टुलावर चढली, बाही सरसावून हात पाण्यात घातला. मासे बिचकून बाजूला झाले. तिने नळी चाचपली. भोक सापडेना. पुन्हा चाचपली. मग बोटाखाली काहीतरी लागलं. नेमकं भोकावरच, नीट दाबून बसवलेला, तिच्याजवळच्यासारखाच एक छोटा गोळा. अजून मऊ होता.

तिचा हात पाण्यातच थांबला.

"दानाई," आईने आतून हाक मारली, अगदी सहज विचारावं तसं. "वारा वाढलाय गं. लाइट जाईल का आज?"