बारावं दार

कमळाच्या पत्राला बावीस दिवस झाले होते आणि उत्तर गेलं नव्हतं. तिने ब्रह्मपुरीहून एवढंच विचारलं होतं : दिवस भरत आलेत, दमाही वाढलाय, बाळंतपणाला माहेरी चांद्याला येऊ का? तिच्या वडिलांनी, बापूजी मास्तरांनी, दोनदा ‘ये’ असं लिहिलं आणि दोनदा कार्ड फाडलं.

आजही उजाडताच गल्ली धुमसू लागली. खाणीचा कच्चा कोळसा घरात जाळता येत नाही, म्हणून जो तो आपल्या दारापुढे त्याचा ढीग पेटवी. पिवळा धूर निघून गेला की पाणी मारायचं आणि विझलेला कोळसा शेगडीसाठी आत न्यायचा. मास्तर तोवर खिडक्या लावून पुस्तकं पुसत बसत. फडकं काळं होई. दुधाच्या सायीवर काजळी दिसे. त्यांना शिसारी येई; बोलायचं धाडस मात्र होत नसे.

आज ते उठले आणि समोरच्या भागीरथाच्या दारात गेले.

“बाई, हा ढीग गावाच्या परकोटाबाहेर, मोकळ्यावर नेऊन पेटवला तर? आमच्या कमळाला यायचं आहे. तिला दमा आहे.”

भागीरथा सुपाने वारा घालत होती. तिने हात थांबवला नाही.

“अन् तुमचा?”

“आमचा तर लहानसाच असतो.”

“लहान! दोन मानसायचा सैपाक अन् ढीग बरातीचा. तुमच्या आंघोळीचं पानी दोन टाइम तापते ना, मास्तर! या, आत या.”

आत तिची सासू शकुबाई बाजेवर धापा टाकत होती. भागीरथाने बाजेखालचा राखेचा डबा ओढून मास्तरांच्या नाकाशी धरला.

“बुढीनं सकाळपासून थुकलेलं आहे हे. ओळखा, यातलं तुमचं कोनतं?”

राखेवर काळ्या तारा पडल्या होत्या. धोतराचा सोगा तोंडाशी धरून मास्तर बाहेर आले. त्यांच्या दारातून निघालेला धूर सरळ त्या बाजेकडे चालला होता.

त्यांनी आंघोळीची बादली ढिगावर ओतली.

“पागल झाले का?” त्यांची बायको मनकर्णा ओरडली. “कच्चाच आहे तो! आता सैपाक कशावर करू?”

त्यांनी कोळसा घमेल्यात भरला आणि घमेलं डोक्यावर घेतलं. काळं पाणी सदऱ्यावर गळू लागलं.

“का मास्तर, खदानीत नौकरी लागली का?” दुकानातून बाबूभाईने विचारलं. चार जण हसले. मागे कोणी आलं नाही.

परकोटाबाहेर तो भिजका कोळसा पेटून निवळायला दुपार झाली. घरी परतल्यावर मास्तरांनी जेवायच्या आधी कार्ड घेतलं.

“चि. कमळा, इकडे येऊ नकोस. आई परवा तुझ्याकडे येते. गल्लीत अजून अकरा दारांत ढीग पेटतात. बारावं दार आपलं होतं.”

टपाल निघायच्या आत त्यांनी ते पेटीत टाकलं.