डागाचं कापड

बजाबाई काही संध्याकाळ बघत नाही, असं वैद्य सांगून गेला, तेव्हा काशम्मा भाकरी थापत होती. पत्र्याच्या आडभिंतीपलीकडच्या खोलीतून बजाबाईचा मुलगा हरिबा आला आणि दारातच मान खाली घालून म्हणाला, "काकू, ते कापड काडून ठेवा. म्हातारीला त्येच घालू."

असं अभद्र बोलू नये म्हणून काशम्माने त्याला दटावलं. मग तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले आणि फळीवरचा तागा खाली काढला.

तो तागा चार दिवसांपूर्वी तिच्या नवऱ्याने, ईरप्पाने, पगाराऐवजी घरी आणला होता. त्याच्या गिरणीचा कायदाच तसा. मागावर कापड बिघडलं की ते विणणाऱ्याच्या गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची. मागातून तेल गळतंय हे ईरप्पाने जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, दोनदा सांगितलं होतं. पण तेल मागाचं आणि पाप ईरप्पाचं. काशम्मा अंथरूण पाहून पाय पसरणारी बाई. लेकीच्या बाळंतपणासाठी तिने वर्षभर हळदीच्या डब्यात पैसा पैसा टाकला होता. पगार बुडाला तसा तो डबा खोलीभाड्यात आणि ज्वारीत रिकामा झाला. अंथरूणच कुणी ओढून नेलं तर शहाण्याने पाय कुठे पसरायचे?

लेक दानम्मा अक्कलकोटला दिलेली. पहिलटकरीण. विहिणीचा निरोप आला होता की सोमवारपर्यंत न्यायला या, पुढे नववा लागतो, मग आम्ही पाठवणार नाही. त्या बाईने थोरल्या सुनेला बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी जात्यावर बसवलं होतं, आणि ती पोर आठवडाभरात गेली. हे आठवलं की काशम्माच्या घशाखाली घास उतरत नसे. आज शनिवार होता.

तागा घेऊन ती सारी पेठ फिरली होती. पांढऱ्या कापडावर हातहातभर काळे डाग. पैरणीला नको, धोतराला नको, फुकट दिलं तरी ठेवू कुठे, असं एकाने हसून विचारलं. शेवटी वाट दाखवली ती बजाबाईनेच. परवा तापात पडल्या पडल्या ती लेकाला म्हणाली होती, "माजं कपाळ पांडरं, मला कापड पांडरंच लागनार. काशम्माचंच घे. मड्याच्या अंगावरचे डाग कोन बघतंय?" हरिबा गिरणीत बदलीवर जाणारा, कुणी गैरहजर असलं तरच त्याला काम, त्याच्या गाठीला दमडी नव्हती. पण चाळीत कुणी गेलं की गिरणीतली माणसं घरटी वर्गणी काढत, आणि कापडाचे पैसे त्यातून रोख मिळत. आगगाडीचं भाडं आणि लेकीची ओटी त्यात भागली असती. माणूस मेल्याशिवाय मात्र वर्गणी निघत नाही.

मयताचं कापड कात्रीने कापत नाहीत, हाताने फाडतात. काशम्माने जास्त डागांची बाजू निवडून नऊ हात मोजले. उरलेल्यात चार-दोन दुपटी निघतील, असा विचारही तेवढ्यात करून घेतला. मग कड दातात धरली आणि टरकन फाडलं.

बजाबाईच्या उशाशी बायका बसल्या होत्या. काशम्मा त्यांच्यात जाऊन बसली. "सिद्धरामा, सोडव रे म्हातारीला," ती पुटपुटली. बाकीच्याही तेच म्हणत होत्या. पण त्यांना काही घाई नव्हती. काशम्माला होती, आणि ते ध्यानात आलं तशी तिला स्वतःची किळस आली. ह्या बाईने दानम्माला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तरी ती तिच्या छातीकडे बघत राहिली. छाती वर होई, खाली जाई. खाली गेली की काशम्माचा श्वास अडे.

गिरणीचा भोंगा झाला. थोड्या वेळाने म्हातारीच्या कपाळावर पाणी दिसायला लागलं. हरिबाची बायको चिमाबाई हिने हात लावून पाहिला आणि ती रडायलाच लागली. घाम फुटला होता, ताप उतरत होता. बजाबाईने डोळे उघडले, पेज मागितली. हरिबा लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. बायकांनी देवाला हात जोडले. काशम्मानेही जोडले, पण तिच्या मनात नऊ हात कापड होतं. जिवंत माणसाच्या नावाने फाडलेलं कापड आता कोण घेणार? आणि बाळाच्या अंगाला ते लावायचं तरी कसं?

चिमाबाईने पेजेची वाटी काशम्माच्या हातात दिली आणि ती शेजारणींना सांगायला बाहेर धावली. मागोमाग सगळ्या उठल्या. काशम्माने एक पळी पाजली. बजाबाईने ती गिळली आणि तिचं मनगट धरलं.

"पत्र्याआडनं ऐकलं म्या," ती हळूच म्हणाली. "फाडलंस व्हय?"

काशम्माने पळी परत वाटीत बुडवली.

"तुजी लई अडचन केली की गं मी. परवाच सोमवार."

आणि दुसरी पळी पुढे आली तशी तिने ओठ मिटून घेतले. काशम्माने 'घ्या' म्हणायला हवं होतं. ती पळी तशीच धरून बसून राहिली.