कड्याखालचे रोडगे

"अमोल, त्या वाकड्या सालईच्या झाडापासून उजवीकडे वळजो! डावीकडे नुसते काटे हायेत!" भगवंतराव खालूनच ओरडले. मुलगा आणि सून मोनाली केव्हाच चढाला लागले होते. डॉक्टरांनी यंदा चढायला बंदी केली, म्हणून भगवंतराव पहिल्यांदाच पायथ्याशी राहिले होते आणि फुगून बसले होते.

मेळघाटातला हा डोंगर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. चिखलदऱ्याची गर्दी इकडे फिरकत नाही. दर हिवाळ्यात राजापेठेतल्या घरून गाडी निघायची आणि ओळखीच्या कोरकू शेतकऱ्याच्या वावरात थांबायची. पुरुषमंडळी कड्यावर जायची. भगवंतरावांच्या पत्नी जमुनाबाई खाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजायच्या. कणकेचे ते गोळे सोडून कुठं जाता येत नाही, सारखे फिरवावे लागतात. खाली आल्यावर भगवंतराव तुपात बुडवलेला रोडगा आणि वांग्याची भाजी चापत बायकोला वरून दिसणाऱ्या दरीचं वर्णन ऐकवायचे. खरं तर वर त्यांची पाठ दरीकडे आणि तोंड मोबाइलकडे असायचं.

आज निघताना मोनालीनं सासूला किती आग्रह केला. "आई, तुमी जा ना वर. रोडगे मी पाहते."

"यायले सोडून कशी जाऊ?" जमुनाबाई नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या.

भगवंतरावांनी तेव्हा 'जा' म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. आता धुरानं त्यांचे डोळे चुरचुरत होते. इथून एक कडा सोडला तर पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

बऱ्याच वेळानं कड्यावर दोन ठिपके दिसले. जमुनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, धुरातून बाजूला आल्या आणि लाल टॉवेल डोक्यावर धरून हालवू लागल्या.

"हे काय करून रायली?"

"पोरायले दाखवून रायली. तुमी वर पोचले का दरसाल असाच हालवते मी. तुमाले दिसते ना वरून?"

भगवंतरावांना एकदम अपराधी वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही खाली पाहिलं नव्हतं.

"दिसते ना," ते घाईघाईनं म्हणाले. "लाल टॉवेल. मस्त दिसते."

जमुनाबाईंचा हात खाली आला. त्या निखाऱ्यापाशी बसल्या. एक रोडगा उलटून त्यांनी त्याची राख झटकली.

"मंग एकदा तरी तुमी हात काहून नाही हालवला?"