गचका

तारापूरच्या अणुवीज केंद्रावरच्या अमेरिकन साहेबाची गाडी आपोआप गिअर बदलायची. चढावर किंवा पुढची गाडी ओलांडताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, की खालच्या गिअरला येऊन जोरात उसळायची. ती सांभाळणाऱ्या मेकॅनिक नागोरावच्या गरोदर बायकोला, इंदुबाईला, साहेब त्याच गाडीतून पालघरला तपासणीला सोडायचा.

"गाडी लई मऊ हाय, पण त्या गचक्यानं पोटात कळ येते," ती एकदा म्हणाली. नागोरावनं साहेबाला न विचारताच ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी सळई ढिली केली. उसळी गेली. सपाट रस्त्यावर साहेबाला ते कळलंसुद्धा नाही.

सातव्याच महिन्यात इंदुबाईला रक्त जाऊ लागलं. पालघरचे डॉक्टर म्हणाले, "ताबडतोब मुंबईला हलवा." मुंबईच्या वाटेवर वाघोबाच्या खिंडीत, ऐन चढावर, पुढे सिमेंटचा ट्रक रांगत होता. साहेबानं तो ओलांडायला गाडी उजवीकडे काढली, पाय तळाला टेकवला. गाडी नुसती गुरगुरली आणि पुन्हा ट्रकच्या मागे आली. दुसऱ्यांदाही तेच.

"नागो, गाडी को क्या हुआ?" साहेब ओरडला.

नागोरावच्या मांडीवर डोकं टेकवलेली इंदुबाई कशीबशी हसली.

"अहो, एकदाबी गचका न्हाई बसला. साहेब किती सांभाळून नेतायत मला."