पपनसाचा हंगाम

"बाबा, आकडीच्या गोळीबरोबर पपनस चालत नाही. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय!" मी ओरडले. "डॉक्टर तैपेईचा. त्याला आपल्या मादोऊचं पपनस काय कळतंय?" बाबा फोड सोलत म्हणाले. चंद्राच्या सणाला आमची अख्खी गल्ली दारात शेगड्या पेटवून मांस भाजते. गेल्या वर्षी आकडी येऊन बाबा याच शेगडीवर कोसळले होते. हातावरचा डाग अजून आहे. तरी आज डोक्यावर पपनसाच्या सालीची टोपी घालून स्वारी पुन्हा तिथेच! "किती खाल्लीत?" "पपनसांची पेटी आल्यापासून रोज एक. पण आ-हुई, तुझा शब्द मोडला नाही हं. दोन्ही एकत्र नको म्हणालीस, म्हणून गोळी बंद ठेवली." माझ्या हातातला चिमटा निखाऱ्यांत पडला. बाबांनी वाळक्या सालीच्या वाटीत जमवलेल्या गोळ्या दाखवल्या. "चिडतेस काय? एकही फेकलेली नाही. हंगाम संपला की सगळ्या एकदम घेईन."